नुसत्या पाण्याचा उन्हाळा

या आठवड्यात मी गीझर बंद केला. दोह्यात उन्हाळा आल्याची आमच्या घरातली खूण तेवढीच. इथली झाडं मोहरून किंवा पानं गाळून काही सांगत नाहीत. मे महिन्यात एका सकाळी तोंड धुवायला गार पाण्याचा निळा नळ उघडावा, हात चटकन मागे घ्यावा आणि समजावं, की आला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर असं तापतं की त्यात नुसती चहाची पावडर टाकायची बाकी असते. मग आम्ही इथले जुने रहिवासी एक उलटा उद्योग करतो. गीझर बंद करायचा आणि त्याच्या पोटात एसीच्या गारव्याने निवलेलं पाणी वापरायचं. उन्हाळाभर लाल नळ गार आणि निळा नळ गरम. माझी मुलगी ईरा लहानपणी हेच खरं मानून वाढली. एकदा सुटीत नाशिकला माझ्या भावाच्या घरी तिने बिनधास्त लाल नळाखाली हात धरला आणि किंचाळून सगळं घर गोळा केलं. दादा मला म्हणाला, "नीलू, पोरीला दुबईकर का काय ते केलंस तू अगदी." त्याला दुबई आणि दोहा यांतला फरक अजूनही मान्य नाही.

गीझरचं बटण खाली करताना मला दर वर्षी तो एकच उन्हाळा आठवतो. फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीचा. तसे इथले सगळे उन्हाळे एकमेकांचे जुळे भाऊ. दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देणार, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. पण तो उन्हाळा वेगळा होता. शहर लग्नघरासारखं झालं होतं. कालचा रस्ता आज दुसरीकडून जायचा. अल थुमामातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून नवं स्टेडियम दिसायचं, पांढरंशुभ्र, कोणीतरी भलीमोठी टोपी काढून जमिनीवर ठेवावी तसं. संध्याकाळी त्यावर दिव्यांची चाचणी चालायची आणि ईरा गच्चीच्या कठड्याला रेलून फोटो काढत बसायची.

आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, "वर्ल्ड कपनंतर." मुलीचं लग्न? वर्ल्ड कपनंतर. गुडघ्याचं ऑपरेशन? वर्ल्ड कपनंतर. गावी कायमचं कधी जाणार? अर्थात वर्ल्ड कपनंतर. सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कंपनीचं कामही तोवरचंच होतं. मोठमोठ्या इमारती गार ठेवणारी यंत्रं तो सांभाळतो. थंड पाणी बनवायचं, पाइपांतून फिरवायचं आणि वाळवंटातल्या माणसांना स्वेटर घालायला लावायचं, असं त्याचं काम. ते संपलं की आम्ही नाशिकला परत जाणार, हे ठरलेलं होतं. इतकं ठरलेलं, की त्याबद्दल आम्ही बोलायचंही सोडून दिलं होतं.

खालच्या मजल्यावर आग्नेस राहायची. वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिचंही तेच. "आता खलास, ताई. ड्यूट्या करून करून पायांचे खांब झाले. वर्ल्ड कप झाला की मी वसईला. माझी केळी, माझी विहीर आणि मी. इन्शाल्ला." हे ती इतक्या वेळा म्हणायची की तिची विहीर मला पाहिल्यासारखी वाटायला लागली होती.

परत गेल्यावर काय करायचं, याचे इथे लोकांचे नाना बेत असतात. कोणी शेत घेतं, कोणी पेटी शिकतं. आमच्या गृहस्थांनी ठरवलं की घरी बिअर करायची. मागच्या रजेत पुण्यातल्या एका मित्राने त्याला स्वतः केलेल्या बिअरचा ग्लास दिला होता. तोवर सुहासचं आणि दारूचं नातं म्हणजे कोणाच्या तरी पार्टीत अर्धा ग्लास हातात धरून तासभर फिरण्याचं. पण ती घरची बिअर त्याला लागली. म्हणजे डोक्याला लागली. बार्ली भिजवून, वाळवून, गरम पाण्यात तिचा गोडवा उतरवायचा, तो उकळायचा, निववायचा आणि मग यीस्टच्या हवाली करून गप्प बसायचं. "नीलू, हे अगदी आपल्या कामासारखं आहे. सगळा खेळ टेंपरेचरचा," असं तो डोळे चमकवून सांगायचा. नाशिकच्या घराच्या मागच्या पडवीत, हिवाळ्यात, हे सगळं मांडायचं, असं त्याचं चित्र होतं. चित्रात मी खुर्चीवर शाल घेऊन बसलेले असायचे, हेही त्याने सांगून ठेवलं होतं.

अडचण अशी की कतारमध्ये घरी बिअर करणं म्हणजे गुन्हा. आणि सुहास म्हणजे लांबून पिवळा सिग्नल दिसला तरी गाडी हळू करणारा माणूस. नाशिकलासुद्धा कायद्याचं रीतसर विचारून, लागेल तो परवाना काढून मगच, असं त्याने दादाला बजावलं होतं. इथे घरात बार्लीचा दाणा नाही, यीस्टची पुडी नाही. "पण पातेलं आणि आच यांची तयारी करायला काय हरकत आहे? पाणी उकळणं तर कुठेच गुन्हा नाही ना?" असं म्हणून त्याने त्या उन्हाळ्यात आमच्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. आग्नेसने ऐकलं आणि हसून हसून भिंतीला टेकली. "सुहासभाऊ, तुमची बिअर फारच सोवळ्यातली आहे हो!"

पातेलं सूक वाकिफ या जुन्या बाजारातून आणलं. तिथल्या भांड्यांच्या दुकानात माणूस आत बसून अंघोळ करेल अशी भांडी असतात. दुकानदाराने विचारलं, "शादी है? कितने आदमी का खाना?" सुहास म्हणाला, "खाना नहीं, सिर्फ पानी." दुकानदाराने माझ्याकडे अशा सहानुभूतीने पाहिलं की मी पैसे मोजायच्या आधीच बाहेर जाऊन उभी राहिले.

मग सुरू झाली एलिमेंटची निवड. पाण्यात बुडवायचं, वीज सोडली की तापणारं ते धातूचं वेटोळं. गॅसपेक्षा वीज बरी, कारण हवी तेवढीच आच देता येते, असं सुहासचं मत. जेवणाच्या टेबलावर तीन एलिमेंट आले. एक आखूड, गीझरमध्ये असतो तसा. एक मध्यम. आणि एक लांबलचक, स्वतःवरच दुमडलेला, स्टीलचा. ताकद तिघांचीही जवळजवळ सारखीच, मग फरक काय, असं मी विचारलं आणि पस्तावले. त्याने कागद घेतला, चौकोन काढले, इंचाइंचावर किती उष्णता पडते ते समजावलं. मी भेंडी चिरत ऐकत होते.

"म्हणजे दूध लागतं तसंच ना?" मी म्हटलं. "लहान बर्नरवर मोठी आच ठेवली की मधोमध लागतं. तीच आच पसरून मिळाली की बासुंदी होते, पण करपत नाही. तुझ्या त्या बार्लीच्या पाण्यात साखर आहे. आखूड कॉइलवर ती चिकटणार आणि जळणार."

त्याने कागदावरच्या आखूड एलिमेंटवर काट मारली. मग म्हणाला, "हो. तेच. आखूड नको." वर त्याने हेही विचारलं की हे मी आधीच का नाही सांगितलं. त्याने आधी विचारलं असतं तर भेंडी सोडून सांगितलं असतं.

आखूड गेला. राहिले मध्यम आणि लांब. लांबाचं तो आणखी ताकदवान भावंड मागवू शकत होता, आणि इथे गाडी अडली. इथली वीज इमानदार, दिवसभर एका उंचीवर. नाशिकला आमच्या कॉलनीत संध्याकाळी घरोघरी मोटारी लागल्या की दिवे पेंगायला लागतात. व्होल्टेज जरा उतरलं की एलिमेंटची उष्णता त्याच्या दुपटीने उतरते, म्हणे. तेव्हा प्रश्न असा, की नाशिकच्या घरात नेमकं व्होल्टेज किती? पडवीत पॉवर पॉइंट आहे का? असला तर वायर किती जाड? मेन स्विच जिन्याखाली आहे की दाराच्या मागे?

आम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

ते घर आम्ही इथे राहून बांधलं. पाया फोटोत पाहिला, स्लॅब फोटोत, फरशी फोटोत पसंत केली. इथून प्रत्येक रजेला आम्ही त्या घरासाठी काहीतरी नेत आलो. पडदे, मिक्सर, काचेचा डिनर सेट. इथली सगळी मराठी माणसं नेतात, आणि तिकडे ते खोक्यांतच राहतं, कारण वापरायचं तर राहायला गेल्यावर. घर आमचं होतं, पण रजेत चार दिवस पाहुण्यासारखं उतरायचं, बाकी माझ्या माहेरी किंवा नातेवाइकांकडे. स्वतःच्या घराचा मेन स्विच कुठे आहे हे मला सांगता येऊ नये, याची मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली. लाज वाटली आणि त्या घराची भूक लागल्यासारखं झालं. कुठल्या खोलीत सकाळी ऊन येतं, कुठली फरशी हलते, कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, हे पायांना आणि हातांना माहीत असावं, असं काहीतरी हवंहवंसं वाटायला लागलं.

दादाला कामाला लावलं. दादा म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला, विजेच्या वाटेला कधी न गेलेला माणूस. पण सुहासने नेऊन दिलेला मीटर त्याच्याकडे होता आणि घरच्या जावयाचं काम म्हटल्यावर नाही म्हणणं त्याच्या रक्तात नाही. तो संध्याकाळी आमचं बंद घर उघडायचा आणि फोन लावायचा.

"सुहासराव, एकशेनव्वद दाखवतोय. आता एकशेपंच्याऐंशी. आता समोरच्या जोश्यांची मोटार बंद झाली बहुतेक, दोनशे दहा झाले."

"दादा, तुम्ही चप्पल घातलीय ना पायात?"

"घातलीय हो. आणि मेन स्विच जिन्याखाली आहे. त्यावर पालीने संसार थाटलाय, तो आधी हलवावा लागेल."

सुहास आकडे लिहून घ्यायचा आणि मी मागचे आवाज ऐकायचे. कडी सरकल्याचा. रिकाम्या खोलीत दादाचा आवाज घुमायचा त्याचा. कोणाच्या तरी कुकरची शिट्टी. एकदा पाणी आलं, पडवीतल्या नळाखाली दादाने बादली लावली.

"दादा, फोन तसाच ठेव जरा."

"काय झालं?"

"काही नाही. नळ ऐकतेय."

बहीण वेडी आहे हे दादा ओळखून असल्यामुळे त्याने फोन तसाच बादलीशेजारी ठेवला. बादली भरत आली की पाण्याचा आवाज कसा बारीक होत जातो, ते मी इथे सोफ्यावर बसून शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर शेचाळीस अंश होते.

मग एका शुक्रवारी सुहास स्वयंपाकघरातून ओरडत आला. मध्यम एलिमेंटने पातेलंभर पाणी भराभर उकळलं होतं. दोह्याच्या स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक शेगडीसाठी जाड वायरचा वेगळा पॉइंट असतो, त्यावर तो चाचण्या घ्यायचा. मोठा एलिमेंट नको, नाशिकला नवी वायर ओढायला नको, संध्याकाळचं पडकं व्होल्टेज धरूनसुद्धा चालेल. जिंकलो! त्याने कोष्टक माझ्यापुढे नाचवलं. ईरा हेडफोन काढून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट वॉटर."

मी तांदूळ धुवायला घेतले होते. सवयीने लाल नळाखाली. एकदम हात थांबला.

"सुहास, पातेलं कुठून भरलंस?"

"नळातून. का?"

"निळ्या?"

"हो. पाइप त्यालाच लागतो."

"अरे, मग तापवायला उरलं काय होतं? निम्मं काम तर गच्चीवरच्या टाकीने केलं होतं."

त्याचा चेहरा मला आजही दिसतो. आयुष्यभर टेंपरेचर मोजून पगार घेतलेला माणूस. पाणी किती अंशाला उकळतं, किती वेळात, सगळं लिहिलं होतं. ते सुरुवातीला किती गरम होतं, हे मात्र पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून नळाचं पाणी उन्हाळ्यात असंच असतं हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. मी खूप हसले. आग्नेसला फोन करून सांगितलं, तीही हसली. तो मात्र हसला नाही. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नाशिकचं पाणी किती गार असतं ग? डिसेंबरातलं? सकाळचं?"

"बोटं दुखतात इतकं."

"किती अंश?"

"मला काय माहीत किती अंश? बोटं दुखतात इतकं."

मग त्याने जे केलं ते कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. पातेलं रिकामं केलं, लाल नळाच्या गार पाण्याने पुन्हा भरलं, खालच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या आणल्या आणि एकेक पिशवी फोडून पाण्यात सोडायला लागला. मी पातेल्याशी उभी. मनगटापर्यंत हात पाण्यात.

"इतकं?"

"छे. हे दिवाळीतलं झालं."

आणखी बर्फ.

"आता?"

"अजून. सकाळी वेणी घालायच्या आधी तोंड धुवायचो ना, तेव्हाचं. आई ओरडायची, तापवलेलं घे म्हणून, आणि आम्ही पैज लावून नळाचंच घ्यायचो."

आणखी बर्फ. मी डोळे मिटले. खिडकीबाहेर जुलैची दुपार होती, एसी घरघरत होता, आणि माझ्या बोटांच्या पेरांत हळूहळू ती जुनी कळ चढायला लागली. नखांच्या मागून सुरू होऊन मनगटाकडे जाणारी. नखांवर दाबलं की पांढरं व्हायचं आणि रंग लवकर परत यायचा नाही. अंगणात स्वेटरच्या बाह्या दातांनी वर ओढत उभी असलेली मी मला दिसले. पितळी बंबाचा धूर डोळ्यांत गेला.

"हां," मी म्हटलं. "हे. हेच."

सुहासनेही हात घातला. त्याचं बालपण येवल्याकडचं, तिकडची थंडी आणखी कोरडी. त्याने थोडा वेळ हात तसाच ठेवला आणि मान हलवली. ईरा आली, तिने बोट बुडवून लगेच काढलं. "आई, धिस इज फ्रीझिंग. यू लिव्ह्ड लाइक धिस?" मी मान आणखी खाली घातली, कारण मला रडू येत होतं, आणि पाण्याने रडवलं हे तिला समजावणं अवघड होतं.

बराच वेळ एलिमेंट लावायचा हे कोणाला सुचलंच नाही. शेवटी सुहासने थर्मामीटर बुडवून आकडा पाहिला, पण मला सांगितला नाही, मी विचारलाही नाही. मग हात काढले, बटण दाबलं, आणि ते नाशिकचं पाणी तापता तापेना. चहा झाला, ईराचा अभ्यास झाला, खाली मशिदीत संध्याकाळची बांग झाली, तेव्हा कुठे तळाशी बुडबुडे धरले. लांब आणि ताकदवान एलिमेंटच हवा, हे सिद्ध झालं. तो मागवला. दादाने वायरमन गाठून पडवीत जाड वायर ओढून घेतली, आणि अर्थिंग नीट आहे ना हे सुहासने त्याला इतक्यांदा विचारलं की त्याने दोन दिवस फोन घेतला नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही फार सुखी होतो, असं आता वाटतं. जायचं ठरलेलं आणि अजून गेलो नव्हतो. परतीच्या तयारीतच परत गेल्याचं सुख मिळत होतं. दर शुक्रवारी पातेलं भरायचं, नव्या एलिमेंटचा वॉशर गळतोय का बघायचं, नाशिकला फोन लावायचा. ईरासुद्धा कधी कधी पडवीत दिवे कसले लावायचे यावर मत द्यायची, इंग्रजीतून का होईना.

वर्ल्ड कप आला. शहरभर झेंडे, गाणी, कुठल्या कुठल्या देशांचे लोक चेहरे रंगवून मेट्रोत नाचत होते. सुहासने गार केलेली हवा हजारोंनी खाल्ली आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता, याचा त्याला अभिमान होता. मग एका रात्रीत सगळे गेले. रस्ते रुंद वाटायला लागले. "वर्ल्ड कपनंतर" हा शब्दही गेला, आणि त्याच्या जागी दुसरा काही आला नाही. आग्नेस बोलल्याप्रमाणे खरंच निघाली. हमद पोर्टवरून तिचं सामान मुंबईला जाणार होतं, त्यात तिने आमचं पातेलं आणि एलिमेंट घातला. "तुमच्या आधी तुमचं भांडं पोचवते," म्हणाली. जाताना माझ्या गळ्यात पडली, आणि तिची विहीर मला पहिल्यांदाच फार दूर वाटली.

सुहासला ऑफिसात बोलावलं. यंत्रं उभी करणारे गेले तरी सांभाळणारे लागतात. थोडी वर्षं थांबा, म्हणाले. ईराची बारावी होती, पुढे तिचं कॉलेज होतं. नाही म्हणायला कारण हवं आणि आमच्याकडे एका पातेल्याखेरीज कारण नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं भांडलो नाही, रडलो नाही. सुहासने सही केली आणि मी कणीक भिजवली. पण कित्येक दिवस आम्ही दादाला कळवलं नाही.

पुढच्या डिसेंबरात रजेवर गेलो. परवानग्यांचं जे काय ते दादाने केलं होतं. पडवीत पातेलं मांडलेलं, चकाकणारं. सकाळी नळ सोडला आणि तोच गारवा हाताला लागला, बर्फाशिवाय, फुकट. एलिमेंटने आपलं काम चोख केलं. बार्लीचा तो खरपूस गोड वास, जात्यावर सातूचं पीठ दळताना येतो तसा, गल्लीभर पसरला आणि जोशी काकू पायपुसण्यावर उभ्या राहून विचारून गेल्या की लाडू कसले. मी खरोखरच खुर्चीत शाल घेऊन बसले होते. सुहास पळीने फेस काढत होता आणि मधूनच माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, हा दिवस इथेच थांबावा.

पण उकळलेलं पाणी म्हणजे बिअर नव्हे. ती मुरावी लागते. आधी पिंपात, मग बाटलीत. सुहासला हे माहीत नव्हतं असं नाही. पण सगळा बेत त्याने तिथे राहणाऱ्या माणसाच्या हिशोबाने केला होता, आणि आम्ही रजेवर आलेली माणसं होतो. पिंपातलं मुरणं संपता संपता रजा संपत आली. घाईघाईने बाटल्या भरल्या, झाकणं ठोकली, खडूने तारीख घातली, आणि दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. टॅक्सीत बसताना सुहास दादाला सांगत होता, "मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही हां. उन्हात ठेवायच्या नाहीत." अगदी आजारी माणसाला मागे ठेवून निघावं तशा सूचना.

मग एका शुक्रवारी दुपारी सुहासने दादाला व्हिडिओ कॉल लावला. "उघडा आता." पडद्यावर पडवी होती. दादाने बाटलीचं झाकण काढलं, तो फुस्स आवाज दोह्यापर्यंत आला. ग्लासात तांबूस सोनेरी रंग चढला, वर फेस. दादाने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पुन्हा घोट घेतला.

"कशी आहे?" सुहास फोनवर वाकला होता.

"कडू आहे. पण मागाहून गोडसर लागते. चांगली आहे हो, सुहासराव. खरंच चांगली आहे."

"करपल्यासारखी चव आहे का?"

"अजिबात नाही."

सुहासने माझ्याकडे पाहिलं. स्वतः केलेल्या बिअरची चव दुसऱ्याच्या तोंडून ऐकणारा माझा नवरा त्या क्षणी मला फार एकटा वाटला. मी त्याचा हात धरला.

दादाने फ्रिजमधून आणखी दोन बाटल्या काढून कॅमेऱ्यासमोर धरल्या. "या तुम्हा दोघांच्या. बाजूला ठेवल्यात. किती दिवस टिकतील हो या?"

सुहासकडे प्रत्येक प्रश्नाला कोष्टक असतं. या प्रश्नाला त्याने नुसतं म्हटलं, "टिकतील... बघू. इन्शाल्ला."

मी फोन माझ्याकडे वळवला. "दादा, ठेवू नकोस रे. आमचं काही खरं नाही. आजच उघड आणि तू आणि वहिनी पिऊन टाका."

दादाने मान हलवली. "बरं," म्हणाला. मग दोन्ही बाटल्या पदराआड मूल न्यावं तशा छातीशी धरून वळला, आणि आम्ही बघत असतानाच त्याने त्या पुन्हा फ्रिजमध्ये ठेवल्या.